आतड्याचा कॅन्सर लिव्हरपर्यंत गेलाय, आता पुढं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओपीडीबाहेरच्या बाकावर, जिन्यात, कधी रात्री दहाला फोनवर जे प्रश्न येतात तेच इथं घेतलेत, जमेल तिथं विचारणाऱ्यांच्याच शब्दांत. मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कॅन्सर शरीरात दुसरीकडं पोहोचलाय, अशा रुग्णांसाठी आणि त्यांची फाइल काखेत घेऊन फिरणाऱ्या लेकी-सुना-जावयांसाठी हे लिहिलंय. मी कॅन्सरच्या औषधोपचारांचा डॉक्टर, काम मराठवाड्यातच. तुमच्या रुग्णाचा निर्णय त्याचे डॉक्टर घेतील. त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं, तेवढं इथून घेऊन जा.

“आठ महिने मूळव्याधीचंच औषध चालू होतं. मग हा कॅन्सर आला कुठून?”

बहुतेक वेळा तो तेव्हाही होताच. गाठीचं रक्त आणि मूळव्याधीचं रक्त, पाहणाऱ्याला सारखंच दिसतं. हातमोजा घालून बोटानं केलेली दोन मिनिटांची तपासणी गुदाशयाच्या खालच्या भागातल्या बऱ्याच गाठी पकडते. पण रुग्णाला लाज वाटते, आणि खरं सांगायचं तर आम्हा डॉक्टरांनाही घाई असते. “मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन” अशा पाट्यांखाली ही तपासणी होतेच असं नाही.

उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ आणखी लबाड. तिचं रक्त मळात मिसळून जातं, डोळ्यांना दिसत नाही. माणूस नुसता पांढरा पडतो, चढ चढताना दम लागतो. हिमोग्लोबिन ७ आलं, दोन बाटल्या रक्त चढवलं आणि घरी पाठवलं, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता पुढचं वाक्य मीच पुरं करतो. पुरुषाच्या किंवा पाळी गेलेल्या बाईच्या अंगातलं लोह कारणाशिवाय कमी झालं, तर दुर्बिणीनं पोट आणि आतडं पाहायलाच हवं. आणि “वय पस्तीस, म्हणजे मूळव्याधच” हा हिशेब आपल्याकडं चालत नाही. भारतात तरुण वयातल्या गुदाशयाच्या कॅन्सरचा वाटा पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो.

“चौथी स्टेज म्हणतेत. म्हणजे संपलं का?”

नाही. पण सगळं ठीक होईल असंही मी म्हणणार नाही.

या आजारावर १९५७ पासून कितीतरी वर्षं फ्लोरोयुरॅसिल हे एकच खऱ्या अर्थानं चालणारं औषध होतं. नव्वदच्या दशकात इरिनोटेकॅन आलं, पाठोपाठ ऑक्सालिप्लॅटिन, आणि २००४ मध्ये बेव्हॅसिझुमॅब व सेटुक्सिमॅब ही नेमकी लक्ष्यावर जाणारी इंजेक्शनं. नुसत्या फ्लोरोयुरॅसिलवर निम्मे रुग्ण साधारण वर्षभर जगायचे. आता नीट निवडून दिलेल्या उपचारांनी मोठ्या अभ्यासांत हा मधला आकडा अडीच वर्षांच्या आसपास गेलाय. मधला आकडा म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडं, निम्मे पलीकडं. ती कुणाची मुदत नव्हे. “डॉक्टरांनी अडीच वर्षं दिलीत” असं कुणी म्हटलं की मी आधी तेच दुरुस्त करतो.

आणि चौथ्या स्टेजमध्येही एक गट असा आहे, की ज्यांचा आजार फक्त लिव्हरमध्ये किंवा फुप्फुसात मोजक्या ठिकाणी असतो. त्यातले काही ऑपरेशननं कायमचे बरे होतात. त्याबद्दल पुढं येतंच.

“बायोप्सीत कॅन्सर आलाय ना? मग अजून रिपोर्ट कशाला, केमो सुरू करा की!”

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

बायोप्सी सांगते की हा कॅन्सर आहे. कोणत्या औषधाला तो दबेल हे तेवढ्यानं कळत नाही. माती परीक्षण न करता शेजाऱ्यानं टाकलं तेच खत आपण टाकावं, तसं होतं. गेल्या वीस वर्षांतली बहुतेक प्रगती या एका गोष्टीवर उभी आहे: आतड्याचा कॅन्सर हा एकच आजार नाही, आतून तो चार-पाच वेगळ्या जातींचा निघतो. जात कळते ती बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून केलेल्या ठोकळ्यातून. लॅबवाले त्याला नुसतं ‘ब्लॉक’ म्हणतात. रंगवलेल्या काचांना स्लाइड म्हणतात.

त्या ब्लॉकवर काय पाहायचं?

पहिलं, केआरएएस आणि एनआरएएस ही जनुकं. जवळपास निम्म्या रुग्णांत यांत बदल सापडतो. बदल असेल तर सेटुक्सिमॅब आणि त्याच जातीचं पॅनिटुमुमॅब चालत नाहीत; उलट पैसे जातात, अंगावर पुरळ येतं आणि कधी कधी नुकसानच होतं. बदल नसेल, तरी गाठ आतड्याच्या कोणत्या बाजूला सुरू झाली ते पाहावं लागतं. या औषधांचा खरा फायदा डाव्या बाजूच्या गाठींना होतो. उजव्या बाजूच्या गाठींत सुरुवातीला केमोसोबत बहुधा बेव्हॅसिझुमॅबच बरं ठरतं. म्हणून कोलोनोस्कोपीच्या (दुर्बिणीनं आतडं पाहण्याच्या) कागदावर गाठीची जागा नीट लिहिलेली हवी.

दुसरं, एमएमआर. पेशीत डीएनएची नक्कल होताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी ही प्रथिनं. चौथ्या स्टेजच्या १०० रुग्णांत साधारण चार-पाच जणांत ती बिघडलेली असतात. मोजकेच, पण त्यांचं नशीब इम्युनोथेरपीनं, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांनी, पालटू शकतं. तपासणी चार प्रथिनांना रंग लावून होते आणि जनुकांच्या मोठ्या पॅनलपेक्षा बरीच स्वस्त पडते. माझं स्पष्ट मत आहे की पैसे एकाच तपासणीपुरते असतील, तर आधी ही करा.

मग बीआरएएफ हे जनुक, जे १०० मध्ये आठ-दहा जणांत बदललेलं असतं. आणि हर-टू हे पेशीवरचं प्रथिन, जे १०० मध्ये तिघांत वगैरे वाढलेलं सापडतं.

रुग्णाची तब्येत ढासळत असेल तर रिपोर्टसाठी केमो अडवून ठेवायची गरज नाही. पहिली सायकल (केमोची एक फेरी) सुरू करता येते, लक्ष्यावर जाणारं औषध दुसऱ्या-तिसऱ्या सायकलला जोडता येतं.

मागं हिंगोलीकडचे एक काका आले. ऑपरेशन दुसरीकडं झालेलं, आणि ब्लॉक मागायला मुलगा तीन चकरा मारून आला. शेवटी उत्तर मिळालं, “सापडत नाही.” काकांना नव्यानं सुई घालून लिव्हरचा तुकडा घ्यावा लागला, वर महिना वाया गेला. तेव्हा डिस्चार्जच्या दिवशीच ब्लॉकचा नंबर लिहून घ्या. ब्लॉक मिळाला तर घरी कोरड्या, थंड जागी ठेवा. पत्र्याच्या घरात मे महिन्यात खिडकीशी ठेवाल, तर मेण ते मेणच.

“व्हॉट्सॲपवर आलंय, एका इंजेक्शननं सगळेच्या सगळे पेशंट बरे झाले. ते द्या ना.”

ते डोस्टारलिमॅब, इम्युनोथेरपीचंच एक औषध. बातमी खरी होती, पण अर्धीच पोहोचली. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातल्या पहिल्या १२ रुग्णांचा अहवाल आला आणि सगळ्यांची गाठ नाहीशी झाली होती, ना ऑपरेशन, ना रेडिएशन. २०२५ पर्यंत गुदाशयाच्या ४९ पैकी ४९ जणांत तेच दिसलं. मात्र हे सगळे एमएमआर बिघडलेले होते आणि त्यांचा आजार दुसऱ्या अवयवात पसरलेला नव्हता. फॉरवर्डमधून नेमक्या याच दोन ओळी गळाल्या.

पसरलेल्या आजारात, पुन्हा एमएमआर बिघडलेल्यांनाच, पेम्ब्रोलिझुमॅबचा मोठा अभ्यास झाला. केमोवर आजार साधारण ८ महिने थोपला, पेम्ब्रोलिझुमॅबवर १६ महिन्यांहून जास्त. अमेरिकेत २०२० मध्ये त्याला पहिल्या टप्प्यासाठी, म्हणजे सुरुवातीचा उपचार म्हणून, मान्यता मिळाली. निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅबची जोडी आणखी पुढं गेली: दोन वर्षांनी १०० पैकी ७२ जणांचा आजार वाढलेला नव्हता, केमोच्या गटात फक्त १४ जणांचा. ही जोडी २०२५ मध्ये मान्य झाली. यातल्या काहींचा आजार वर्षानुवर्षं परत येत नाही.

एमएमआर ठीक असलेल्या, १०० मधल्या उरलेल्या ९५ जणांना ही इंजेक्शनं एकट्यानं जवळजवळ काहीच देत नाहीत. शेत विकून “इम्युनो” घेतलेली आणि एमएमआर कधी तपासलंच नव्हतं अशी कुटुंबं मी पाहिली आहेत. त्यांना काय सांगावं कळत नाही.

किमतीमुळं कमी डोसच्या इम्युनोथेरपीवर मुंबईच्या टाटा रुग्णालयानं काम केलंय, पण ते तोंडा-घशाच्या कॅन्सरवर. आतड्यासाठी तो कमी डोस तसाच लावता येत नाही.

“आमच्या रिपोर्टमध्ये बीआरएएफ पॉझिटिव्ह आलंय. चांगलं का वाईट?”

पूर्वी वाईट बातमीच होती, कारण हा प्रकार वेगानं वाढतो. ‘व्ही ६०० ई’ हा बदल असेल तर एन्कोराफेनिब गोळ्या आणि सेटुक्सिमॅब ही जोडी २०२० पासून दुसऱ्या टप्प्यात वापरात आली. पुढं तीच केमोसोबत सुरुवातीपासून दिली, तेव्हा गाठी आक्रसणाऱ्यांचं प्रमाण १०० मध्ये ४० वरून ६० च्या वर गेलं आणि जगण्याचा मधला आकडा १५ महिन्यांवरून ३० महिन्यांवर. या आजाराच्या एका उपप्रकारात एवढी उडी क्वचितच पाहायला मिळते.

केआरएएसवर कित्येक वर्षं औषधच नव्हतं. आता त्यातल्या ‘जी १२ सी’ या एका बदलावर आहे: सोटोरासिबसोबत पॅनिटुमुमॅब, किंवा ॲडाग्रासिबसोबत सेटुक्सिमॅब. हा बदल १०० मध्ये तीन-चार जणांतच असतो, म्हणून “केआरएएस पॉझिटिव्ह” एवढ्यावर थांबू नका, पुढचं अक्षर आणि आकडा वाचा. हर-टू वाढलेलं असेल तर ट्रास्टुझुमॅबसोबत तुकाटिनिब, किंवा ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन. या शेवटच्या औषधावरचं आयातशुल्क केंद्र सरकारनं २०२४ च्या अर्थसंकल्पात काढलं, तरी ते महागच आहे. साध्या ट्रास्टुझुमॅबचे आणि बेव्हॅसिझुमॅबचे भारतीय बनावटीचे पर्याय मात्र मिळतात, आणि ते वापरायला मी कचरत नाही.

“लिव्हरला चार गाठी आहेत. ऑपरेशन होतं का?”

होऊ शकतं, आणि हे विचारायचंच राहून जातं. गाठी किती यापेक्षा त्या काढल्यावर पुरेसं निरोगी लिव्हर उरतं का, हे महत्त्वाचं. निवडक रुग्णांत अशा ऑपरेशननंतर पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १०० मध्ये ४० च्या आसपास किंवा त्याहून जास्त सापडतं. आज काढता न येणारी गाठ तीन-चार सायकलींनी लहान होऊन उद्या काढता येते. म्हणून लिव्हरच्या सर्जननं स्कॅन सुरुवातीलाच पाहावा, बारा सायकली उरकल्यावर नव्हे. बेव्हॅसिझुमॅब चालू असेल तर ऑपरेशनच्या आधी पाच-सहा आठवडे ते थांबवावं लागतं, नाहीतर जखम भरत नाही.

एक गंमत वाटेल अशी अडचण: केमोनं गाठ स्कॅनवर पूर्ण दिसेनाशी झाली की नातेवाईक पेढे आणतात आणि सर्जनच्या कपाळाला आठ्या पडतात. दिसत नाही म्हणजे गेली असं नसतं, आणि कुठं कापायचं तेही कळत नाही.

लिव्हर बदलण्याबद्दलही विचारतात. फ्रान्सच्या पुढाकारानं झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९४ अत्यंत निवडून घेतलेले रुग्ण होते. आजार फक्त लिव्हरमध्ये, काढता न येणारा, आणि केमोनं आटोक्यात. प्रत्यारोपणाच्या गटात पाच वर्षांनी १०० पैकी ५७ जण हयात होते, नुसत्या केमोच्या गटात १३. चित्र बदलणारा अभ्यास खरा, पण असा रुग्ण हजारात एखादाच भेटतो.

“दर पंधरा दिवसांनी गावाहून येणं होत नाही. काही मार्ग?”

आहे. फ्लोरोयुरॅसिल पंपानं द्यायचं तर दर १४ दिवसांनी ४६ तासांचा पंप लागतो, छातीत पोर्ट (कातडीखाली ठेवलेली, शिरेला जोडलेली डबी) बसवावा लागतो, आणि पंप काढायला पुन्हा चक्कर. त्याऐवजी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी, आणि ऑक्सालिप्लॅटिनचं सलाइन २१ दिवसांतून एकदा. पसरलेल्या आजारात दोन्हींचा परिणाम तोलामोलाचा आहे. सोयगाव किंवा किनवटच्या माणसाला हा फरक म्हणजे मजुरीचे किती दिवस वाचतात, हे त्यालाच कळतं. ऊसतोडीला जाणारं कुटुंब असेल तर आधीच सांगा. कारखान्याच्या पट्ट्यात जवळ कुठं सलाइन घेता येईल हे ठरवून देता येतं. न सांगता सायकल बुडाली की सगळाच मेळ बिघडतो.

गोळ्या जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, दोन्ही वेळा. उपाशीपोटी नाही. आणि पहिल्याच सायकलीत तोंड खूप आलं, जुलाब थांबेनात, तर गोळ्या तिथंच बंद करून फोन करा. काहींच्या शरीरात हे औषध मोडणारं एन्झाइमच कमी असतं, त्यांना नेहमीचा डोस जीवघेणा ठरतो.

“उन्हाळ्यात माठाचं पाणीही नको म्हणता?”

ऑक्सालिप्लॅटिन घेतल्यावर काही दिवस तरी नकोच. गार लागलं की बोटांत, ओठांत करंट बसतो, घसा आवळल्यासारखा होतो. मराठवाड्यात ४२-४३ अंशांत कोमट पाणी प्या सांगताना मलाच कसंसं होतं, पण घसा आवळल्यावरची भीती त्याहून वाईट. पहाटे बोअरच्या पाण्यात हात नको, थंडीत लोखंडी कडीला हात लावताना फडकं घ्या. मुंग्या दोन सलाइनच्या मधेही राहू लागल्या, शर्टाची बटणं लागेनात, तर डॉक्टरांना सांगा. हे औषध काही महिन्यांनी थांबवून बाकीचं चालू ठेवता येतं. सहन करत राहिलात तर पायांचा बधिरपणा कायमचा राहू शकतो.

कॅपेसिटाबिननं तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात हातांना दुखण्यावरचं साधं डायक्लोफेनॅक जेल दिवसातून दोनदा लावल्यावर त्रासदायक प्रमाण १०० मध्ये १५ वरून ४ च्या आत आलं. मेडिकलवर सहज मिळणारी ट्यूब आहे. डॉक्टरांना विचारून सुरू करा. सेटुक्सिमॅबनं चेहऱ्यावर मुरुमांसारखं पुरळ येतं. तिथं दुपारचं ऊन टाळा आणि मुरुमांची क्रीम लावू नका.

इरिनोटेकॅनचे जुलाब हलके घेऊ नका. टँकरच्या दिवसांत माणूस आधीच कमी पाणी पितो. लोपेरामाइडच्या गोळ्या आणि ओआरएसची पाकिटं घरात आणूनच पहिलं सलाइन घ्या. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर सकाळची वाट पाहायची नाही, तालुक्याच्या दवाखान्यात “केमो चालू आहे” हे शब्द आधी सांगायचे.

“सीईए वाढलं. औषध फेल?”

सीईए म्हणजे या कॅन्सरची रक्तातली खूण. एका रिपोर्टवर औषध फेल ठरत नाही. केमोच्या सुरुवातीच्या आठवड्यांत ते तात्पुरतं वाढू शकतं. स्कॅन काय म्हणतो ते पाहायचं.

“दोन्ही केमो होऊन गेल्या. आता?”

दोन्ही म्हणजे ऑक्सालिप्लॅटिनची आणि इरिनोटेकॅनची. आता अपेक्षा महिन्यांत मोजायची, आणि हे तोंडावर सांगायला हवं. ट्रायफ्लुरिडिन-टिपिरासिलच्या गोळ्यांना बेव्हॅसिझुमॅब जोडल्यावर जगण्याचा मधला आकडा साडेसात महिन्यांवरून जवळपास अकरावर गेला (अभ्यास २०२३ चा). फ्रुक्विन्टिनिब ही चीनमध्ये तयार झालेली गोळी, तिथं २०१८ पासून आणि अमेरिकेत २०२३ पासून. तिनं हा आकडा पावणेपाचवरून साडेसात महिन्यांच्या जवळ नेला. रेगोराफेनिब आधीपासून आहे, त्रास जास्त देतं. माणूस दिवसाचा बराच वेळ उठून-फिरून असेल तरच यांचा उपयोग. अंथरुणाला खिळलेल्याला मी सहसा देत नाही.

वेदनाशामक उपचार शेवटच्या आठवड्यासाठी नसतात, पहिल्या दिवसापासून घ्यायचे असतात. मॉर्फिनच्या गोळीनं माणूस लवकर जात नाही आणि वेदनेसाठी नीट घेतली तर व्यसनही सहसा लागत नाही. २०१४ मध्ये कायदा बदलल्यापासून ती मिळणं सोपं झालंय, तरी दवाखाने अजून घाबरतात.

“मुंबईलाच न्यावं का?”

एकदा न्या, हवं तर. उपचाराचा आराखडा टाटासारख्या ठिकाणी ठरवून घ्यावा आणि केमो जवळ घ्यावी, हे मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. छत्रपती संभाजीनगरला आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिव-लातूर-बीडकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडतं. १९८७ पासून तिथं ग्रामीण भागातल्या कॅन्सरची नोंदवहीही चालते. दर वेळी देवगिरीच्या जनरल डब्यात बसून, केमोनंतरच्या मळमळीत परत येणं, यानं रुग्ण आजारापेक्षा जास्त खचतो.

जाताना ब्लॉक, स्लाइड, स्कॅनची सीडी (नुसता कागद नको), ऑपरेशनच्या नोंदी, आधार आणि रेशन कार्ड.

“पैशाचं कसं?”

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ऑपरेशन, नेहमीची केमो, रेडिएशन त्यात बसतं, पण नवी महागडी औषधं बसतीलच असं नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट व्हायच्या आधी भेटा, नंतर नाही. “योजनेत आहे, पण हे इंजेक्शन बाहेरून आणा” असं कुणी म्हटलं तर लेखी मागा. जमीन विकण्याआधी डॉक्टरांना एकच विचारा: या औषधानं नेमका किती फायदा होईल, आणि आमच्या रिपोर्टमध्ये त्याचं कारण कुठं आहे?

“आईला सांगायचं का?”

बहुतेक आयांना आधीच कळलेलं असतं. वॉर्डात शेजारच्या खाटेवर सगळ्यांचे केस गेलेले दिसतात, आणि आपण म्हणतो “आतड्याला सूज आहे.” मी आधी त्यांनाच विचारतो, “मावशी, तुम्हाला किती सांगू?” एकीनं सांगितलं होतं, “मला सगळं सांगा, पण माझ्या पोरासमोर नका सांगू, तो रडंल.”

“आम्ही भावंडांनी काय करावं?”

रुग्णाचा एमएमआर रिपोर्ट काढून पाहा. तो बिघडलेला असेल, तर हे घराण्यात चालत आलेलं आहे का याची जनुकीय तपासणी विचारा. तसं निघालं तर ज्या नातलगांत तो बदल आहे त्यांची कोलोनोस्कोपी विशी-पंचविशीपासून, दर एक-दोन वर्षांनी. बायकांनी गर्भाशयाकडंही लक्ष ठेवायचं. रिपोर्ट ठीक असेल तरी सख्ख्या भावा-बहिणींनी आणि मुलांनी चाळिशीत, किंवा रुग्णाला आजार झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा, एकदा दुर्बिणीनं आतडं पाहून घ्यावं. वडिलांना ४५ ला निघाला असेल तर मुलानं ३५ ला. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यावं लागतं, तेवढाच काय तो त्रास. त्या दिवशी शेताचं काम मात्र ठेवू नका.